बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा: उंड्रीतल्या एका गार हीटरचं प्रकरण

पुण्यात हीटर बिघडला म्हणून कुणी गॅरेजची पायरी चढत नाही. एसी गार होईना की माणूस त्याच दिवशी सुट्टी टाकतो. हीटरचा नॉब मात्र कित्येक गाड्यांत शोरूममधून आल्यापासून निळ्या टोकालाच बसलेला असतो. माझ्या मामेबहिणीच्या गाडीतही तसंच होतं. जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे साडेपाचला ती, तिचा नवरा, मुलगा आणि मामी उंड्रीहून महाबळेश्वरला निघाले. मामींचे गुडघे थंडीत कुरकुरतात, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा नॉब लाल टोकापर्यंत फिरवला गेला. संध्याकाळी तिचा फोन आला.

"दादा, हीटर कसला रे, नुसता पंखा आहे तो. आई पसरणी घाट चढेपर्यंत गोधडीत गुंडाळून बसली होती. वर काच धुरकटली ती वेगळीच."

गॅरेजवाल्यानं फोनवरच निदान केलं होतं: हीटर कोअर गेला, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, १२ हजारांच्या आसपास खर्च. मी भोसरीत सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला २० वर्षं काढली आहेत. न मोजता काढलेल्या निष्कर्षाचं मला जरा वावडंच आहे. म्हटलं, रविवारी येतो, तोवर कुणाला डॅशबोर्डला हात लावू देऊ नकोस.

गाडी ९ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे दिसेल की यात कंपनीचा काही दोष नव्हता. या गाडीत तापमानाचा काटा नाही. इंजिन गार असलं की निळा दिवा, फार तापलं की लाल, आणि मधल्या सगळ्या तापमानांना दिवाच नाही. हे लक्षात ठेवा, कारण निम्मा घोळ या मधल्या अंधारात झाला.

हीटर म्हणजे वेगळं यंत्र नसतं, हे आधी सांगायला हवं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भाग इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये, उष्णता म्हणून जातो. त्यातलं थोडं गरम पाणी दोन रबरी पायपांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीत फिरवतात. ती जाळी म्हणजे हीटर कोअर, रेडिएटरचं धाकटं भावंड. तिच्यातून ब्लोअर हवा ढकलतो आणि ती हवा आपल्या पायावर येते. ही उष्णता एरवी रेडिएटरमधून वाऱ्यावरच जायची असते, त्यामुळे हीटर लावल्यानं ॲव्हरेज पडतं ही समजूत चुकीची. ॲव्हरेज पडतं ते एसीच्या कॉम्प्रेसरनं.

म्हणजे हवा गरम येत नसेल तर प्रश्न चारच. पाणी पुरेसं आहे का? ते तापतंय का? ते कोअरमधून वाहतंय का? आणि हवा कोअरवरून जातेय का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत स्वस्त, म्हणून तिथून सुरुवात केली. ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर काढला. धूळ, पिंपळाची पानं आणि एक मेलेलं झुरळ निघालं, तरी हवेचा जोर ठीक होता. नॉब फिरवला की आत झडप आपटल्याचा 'टप्' आवाज स्पष्ट येत होता आणि तिची केबलही जागेवर होती. हवेची बाजू निर्दोष.

मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून मोजमाप घेतलं. बाहेर १४ अंश. पुण्याच्या थंडीला हसू नये. १७ जानेवारी १९३५ रोजी या शहरात पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर मधल्या जाळीत खोचला. इंजिन नुसतं फिरत असताना २४ अंश. बहिणीला रेस द्यायला सांगितली, तर दोन मिनिटांत ३७. पाय काढला की परत खाली. शिवाय रेस देताना डॅशबोर्डच्या मागून खळखळ आवाज. माठातून तांब्या भरताना येतो तसा.

हे पाणी कमी असल्याचं पुस्तकी लक्षण. पंप जोरात फिरला की थोडं पाणी कोअरपर्यंत चढतं, नाहीतर तिथे हवेचा बुडबुडा अडकून राहतो. मी म्हणालो, "कूलंट कमी आहे."

तिच्या नवऱ्यानं बॉनेटमधल्या प्लॅस्टिकच्या बाटलीकडे बोट दाखवलं. "छे! मी दर रविवारी बघतो. बाटली कायम भरलेली असते. एक थेंब इकडचा तिकडे नाही."

खरंच, बाटलीत पाणी वरच्या रेषेला टेकलेलं होतं. गॅरेजवालाही तीच बघून समाधानी झाला असणार. मला मात्र 'कायम' हा शब्द खटकला. कूलंट तापलं की फुगतं. फुगलेलं पाणी रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग उचलून बारक्या नळीवाटे बाटलीत येतं. इंजिन गार झालं की आत पोकळी होते आणि तेच पाणी बाटलीतून परत ओढलं जातं. म्हणजे धडधाकट गाडीत बाटलीतली पातळी रोज थोडी वर-खाली व्हायलाच हवी. इथे ती महिनोन्‌महिने हलली नव्हती.

इंजिन पूर्ण गार व्हायला दोन तास थांबलो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं. आत दाब असतो, उघडताक्षणी पाण्याची वाफ होऊन तोंडावर येते. ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि तेच उघड्यावर, पुण्याच्या उंचीवर, ९८ ला. मधल्या वेळात मामींनी पोहे केले.

झाकण उघडून बॅटरी मारली तर पाणी दिसेचना. बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा! झाकण उलटं करून पाहिलं. त्याला दोन रबरं असतात. खालचं दाब धरतं आणि वरचं रेडिएटरच्या तोंडावर बसून बाहेरची हवा अडवतं. वरचं रबर पापडासारखं कडक होऊन एका बाजूला तडकलं होतं. गरम असताना पाणी नेमानं बाटलीत जात होतं, पण गार होताना बाटलीतलं पाणी ओढण्याऐवजी त्या फटीतून हवाच आत येत होती. ती तिला सोपी वाट. असं रोज चमचा-चमचा पाणी जात राहिलं. बाटली भरली की जास्तीचं रस्त्यावर सांडायचं आणि बाटली मात्र भरलेलीच दिसायची.

तडकलेलं रबर सापडलं म्हणून तिथेच थांबायचं नसतं. पाणी कमी होण्याचं दुसरं, महागडं कारण म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग जोडतात तिथली पट्टी. ती गेली की पाणी इंजिनाच्या आत शिरतं. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर नाही. नंतर पाणी भरून इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुड्यांची अखंड रांगही नव्हती. सुटलो.

नाना पेठेत जाऊन त्याच दाबाचं झाकण आणलं. दुकानदार १.१ चं देत होता. "जास्त चांगलं आहे, घ्या," म्हणाला. घेऊ नये. वरचा आकडा ही बढती नसते. ९ वर्षांच्या पायपांवर तो दाब पडतो. सोबत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घेतला.

पाणी भरण्यापेक्षा हवा काढण्याला वेळ लागतो. कोअर रेडिएटरच्या तोंडाच्या वरच्या पातळीला असेल तर हवा तिथेच ठाण मांडते. म्हणून गाडी बेसमेंटच्या उतारावर नाक वर करून लावली (वॉचमनकाकांची समजूत काढायला इंजिनातली हवा काढण्यापेक्षा जास्त वेळ गेला), हीटरचा नॉब पूर्ण लाल टोकाला ठेवला, तोंडात नरसाळं बसवलं आणि इंजिन चालू ठेवून हळूहळू ओतत गेलो. रेस दिली की 'भळ्ळ' करून बुडबुडा यायचा आणि नरसाळ्यातलं पाणी खाली जायचं. एकूण सव्वा लिटर पाणी गेलं. अशा छोट्या गाडीच्या सगळ्या यंत्रणेत मिळून चारेक लिटर मावतं, तेव्हा किती तूट होती बघा. खळखळ थांबली. पार्किंगमध्ये जाळीतून ४६ अंश येऊ लागले. मामी येऊन पुढच्या सीटवर बसल्या आणि उठेचनात.

मी वहीत 'प्रकरण बंद' असं लिहिलं. ते खोडावं लागलं.

पुढच्या शनिवारी पहाटे बहिणीचा मेसेज: "पार्किंगमध्ये मस्त गरम. हायवेला परत गार." तेव्हा आठवलं की तिच्या नवऱ्यानं पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं, 'पळताना तर आणखी गार वाटतं'. बाहेरचा वारा लागत असेल म्हणून मी ते सोडून दिलं होतं. खरं तर ते पहिल्या लक्षणाच्या बरोब्बर उलटं होतं. नुसतं पाणी कमी असेल तर हायवेला, इंजिन जोरात फिरत असताना, हवा जास्त गरम यायला हवी. दोन लक्षणं एकमेकांना खोडत असतील तर बहुतेकदा रोगही दोन असतात. मी पहिला सापडल्याच्या आनंदात दुसऱ्याकडे पाठ फिरवली होती.

या वेळी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं, ब्लूटूथ यंत्र लावलं. काही शे रुपयांत मिळतं आणि मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान दाखवतं. काटा नसलेल्या गाडीला हा चष्माच. कात्रजच्या नव्या बोगद्यात शिरेपर्यंत ७१ अंश. बोगदा ओलांडून खेड शिवापूरच्या बाजूला उतार लागला तसे ६५, ६१, ५७. आणि मग, इतका वेळ चालून आलेल्या गाडीत, निळा दिवा परत लागला! शिरवळला नीरेच्या पुलापर्यंत गेलो, तर सपाट रस्त्यावर आकडा ६३ च्या आसपासच घुटमळत राहिला. अशा इंजिनानं ८५ ते ९५ मध्ये चालायला हवं. जाळीतून ३३ अंशांची हवा येत होती.

इंजिन तापण्याआधीच पाणी रेडिएटरमध्ये जात होतं. ते अडवण्याचं काम थर्मोस्टॅटचं, मिस्त्री ज्याला नुसतं 'वॉल' म्हणतात. पितळी डबीत मेण असतं. ठरावीक तापमानाला मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. तोवर रेडिएटरची वाट बंद. ही झडप उघडीच अडकली असणार असं समजून मी घरी आल्यावर दोन बोल्ट काढून तिचं घर उघडलं.

आत झडप नव्हतीच. होती फक्त कडेला फासलेली सिलिकॉनची राखाडी पेस्ट.

तिचा नवरा जरा ओशाळून हसला आणि मे महिन्यातली हकिगत बाहेर आली. पुतण्याच्या लग्नानंतर सगळे जेजुरीला निघाले होते. दिवे घाटात भर दुपारी लाल दिवा लागला, वाफ निघाली. रस्त्याकडेच्या एका मिस्त्रीनं इंजिन गार करून 'वॉल' काढून हातात दिला. "आपल्याकडच्या उन्हात याची गरजच नाही, गाडी आता कधी तापणार नाही," म्हणाला. त्याचा शब्द खरा ठरला, फक्त हिवाळ्यातही ती तापेना. हा सल्ला पुण्यात इतका सर्रास मिळतो की त्या एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण सल्ला वाईटच आहे. इंजिन गार राहिलं की त्याचा संगणक 'अजून तापायचं आहे' असं समजून जास्त पेट्रोल पाजत राहतो, आणि ऑइलमधलं पाणी उडून जात नाही. काही इंजिनांत तर याच झडपेची दुसरी चकती बायपासची वाट बंद करते. तिथे झडप काढली की पाणी रेडिएटर टाळून फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. या गाडीचं ॲव्हरेज १६ वरून १४ वर आलं होतं. घरात त्याचं खापर पेट्रोल पंपावर फोडलं जात होतं.

तो वॉल कुठे आहे, विचारलं. ग्लोव्हबॉक्समध्येच होता, वर्तमानपत्राच्या कागदात, जेजुरीच्या भंडाऱ्याच्या पुडीशेजारी! कडेवर ८२ चा आकडा कोरलेला. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन वॉल दोऱ्यानं टांगला आणि गॅसवर ठेवला. वॉल बुडाला टेकू द्यायचा नाही, टेकला की चुकीचा आकडा येतो. ८० ला हालचाल नाही. ८३ ला रेषेएवढी फट. ९५ ला बोटाचं पेर जाईल इतका उघडला, आणि पाणी निवताना मुकाट मिटला. म्हणजे ज्याला आरोपी म्हणून बाहेर काढलं तो साफ निर्दोष होता. घाटात गाडी तापली ती तेव्हाही पाणी कमी असल्यामुळे, आणि पाणी कमी होतं ते त्या तडकलेल्या रबरामुळे. नवी रबरी रिंग घालून वॉलला परत कामावर रुजू केलं. त्याच्या कडेला हवा जाण्यासाठी छोटं भोक असतं, ते वरच्या बाजूला ठेवायचं. उलटं बसलं की हवा परत कोंडते. पातेलं मामींनी भांडीवाल्या बाईंना देऊन टाकलं, मी तीनदा 'स्वच्छ आहे' सांगूनही.

परत शिरवळ. आता कूलंट ८६ ते ८९, अगदी ठाम. हवा मात्र ४७ वरच थांबली. सुधारणा मोठी होती, बहीण खूश होती. मी नव्हतो. ८८ अंशांच्या पाण्यातून ४७ अंशांचीच हवा का?

फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून, कोअरकडे जाणाऱ्या दोन्ही पायपांवर इन्फ्रारेड बंदूक धरली. (कोविडच्या वेळी घेतलेली कपाळावरची बंदूक इथे चालत नाही, तिची मजल माणसाच्या तापापुरतीच. आणि चकचकीत धातूवर कुठलीच बंदूक खरं बोलत नाही, रबरावरच धरावी.) आत जाणारा पाइप ८२, बाहेर येणारा ४८. पंधरा-वीस अंशांचा फरक मी चालवून घेतला असता. ३४ म्हणजे पाणी आत इतकं रेंगाळत होतं की अर्ध्या वाटेतच गार होत होतं. कोअर तुंबला होता. हा फरक मला पहिल्या दिवशीही हाताला जाणवला होता, पण तो मी हवेच्या बुडबुड्याच्या खात्यावर टाकला होता.

तुंबला कशानं, हे विचारायला लागलंच नाही. उंड्रीत पाणी टँकरचं. नळाच्या तोटीवर पांढरी खरपुडी, गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी बाद. दिवे घाटाच्या प्रसंगापासून डिकीत कायम दोन बाटल्या पाणी भरून ठेवलेलं असे आणि पावसाळ्यापर्यंत तेच पाणी चार-पाच वेळा रेडिएटरमध्ये ओतलं गेलं होतं. जड पाणी तापलं की त्यातला कॅल्शियमचा क्षार घट्ट होऊन बसतो. शिवाय कूलंट पातळ झाल्यानं त्यातली गंजविरोधी रसायनं संपली, त्यामुळे इंजिनचा गंजही सोबतीला आला. कोअरच्या नळ्या चपट्या आणि अरुंद, गाळ आधी तिथेच साचतो.

गॅरेजवाल्याचं निदान अर्धं बरोबर निघालं म्हणायचं. पण कोअर बदलण्याआधी धुऊन बघायला काय हरकत होती? दोन्ही पाइप सोडवले. बागेची नळी अगदी कमी जोरात, उलट दिशेनं लावली, म्हणजे एरवी जिथून पाणी बाहेर येतं तिथून आत. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. पातळ ॲल्युमिनियम फाटलं तर डॅशबोर्ड खरोखरच उतरवावा लागतो. पहिला लोट चहाच्या रंगाचा आला, मग वाळूसारखे पांढरे कण. कोमट पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड विरघळवून अर्धा तास आत ठेवलं आणि मग पाणी नितळ येईपर्यंत धुतलं. प्रवाह मोजायला साधी लिटरची बाटली: आधी भरायला ४१ सेकंद लागत होते, नंतर १५. शेवटची धुलाई डिस्टिल्ड वॉटरनं केली. जुनं कूलंट कॅनमध्ये भरून बंद केलं, गटारात किंवा जमिनीवर ओतलं नाही. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि विषारी असतं. सोसायटीतली कुत्री ते आवडीनं चाटतील.

रेडिएटर आणि इंजिनमधलंही सगळं पाणी बदलून अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर भरलं. पुण्यात पाणी गोठायची भीती नाही, मग कूलंट कशाला, असं मेहुण्यांनी विचारलंच. गंजासाठी, आणि उकळायचं तापमान वर ढकलण्यासाठी. पण नुसतंच कूलंटही भरू नये. ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही.

तिसऱ्यांदा शिरवळ. कूलंट ८८, बाहेर येणारा पाइप ७०, जाळीतून ६२ अंश. खेड शिवापूरच्या पुढे मामींनीच हीटर कमी करायला सांगितलं. एकूण खर्च, पेट्रोल आणि मामींचं पातेलं सोडून, दीड हजाराच्या आत.

जुलैत ते ताम्हिणीला गेले. खरं तर पुणेकराला हीटर लागतो तो तिथे. मुसळधार पाऊस, गाडीत चार ओली माणसं, आणि आतून धुरकटलेली काच. एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावायचे, हवा काचेवर सोडायची आणि बाहेरची हवा आत घ्यायची. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, हीटर तिला गरम करतो आणि काच मिनिटा-दोन मिनिटांत निवळते. 'दोन्ही एकदम कसं लावायचं, काहीतरी जळेल ना?' म्हणून बहिणीनं घाटातून फोन केला होता.

बाटलीवर तिनं नेलपॉलिशनं दोन रेघा ओढून ठेवल्या आहेत. रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, पाणी खालच्या रेघेला असतं. मंडईतून परत आल्यावर तेच वरच्या रेघेला टेकलेलं असतं.